आधी अंदाज, मग माऊस

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरे

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनचा उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातली काही इथे घेते. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पडद्यावर लंबक, तोफ, बॅटरी असं काहीतरी दिसतं. लांबी, कोन, व्होल्टेज आपण बदलायचं आणि काय होतं ते तिथल्या तिथे बघायचं. आत सूत्रं भरलेली असतात. बहुतेक पत्रांत ज्याचं नाव आहे तो 'फेट' हा संच अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा. कार्ल वायमन यांना २००१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं आणि २००२ मध्ये त्यांनी हे काम सुरू केलं. सगळं फुकट आहे, आणि बरीच सिम्युलेशन्स हिंदी-मराठीतही आहेत.

बाई, माझी मुलगी अकरावीत आहे. 'फिजिक्स करतेय' म्हणत तासन्‌तास लॅपटॉपसमोर बसते. काल मागून डोकावले तर तोफेतून पियानो उडवत होती! हा अभ्यास आहे की टाइमपास? रागवू की सोडून देऊ?
— एक आई, लोकमान्य नगर, इंदूर

रागवू नका आणि सोडूनही देऊ नका. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसा. तुम्हाला फिजिक्स येत नसलं तरी चालेल. फक्त एक नियम घाला: तोफ उडवण्याआधी गोळा कुठे पडेल ते वहीत लिहायचं. आकडा लिहिल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही.

सुरुवात अशी करा. तोफेची उंची शून्यावर आणायला सांगा, वेग सेकंदाला २० मीटर, हवेचा रोध बंद. ४५ अंशाला गोळा सुमारे ४०.८ मीटरवर पडतो. आता ३० अंशाला कुठे पडेल? आणि ६० अंशाला? दोन्ही वेळा ३५.३ मीटर येतं. कोचिंगमध्ये सूत्र पाठ करून घेतलेलं असतं, त्यामुळे हे ती कदाचित पटकन सांगेल. मग विचारा, दोघांपैकी जमिनीवर आधी कोणता टेकेल? इथे बरीच हुशार मुलं गप्प होतात. ३० अंशाचा गोळा दोन सेकंदांत खाली येतो, ६० अंशाचा साडेतीन सेकंद हवेत राहतो. अंतर तेच, वेळ जवळजवळ पावणेदोनपट.

आता खरी गंमत. तोफ १० मीटर उंच करा. 'सगळ्यात लांब कोणत्या कोनाला जाईल?' असं विचारा. 'पंचेचाळीस,' ती म्हणेल, कारण पुस्तकात तसंच लिहिलंय. करून बघू द्या. ४५ अंशाला ४९.१ मीटर येतात आणि ३९ अंशाला ४९.८. फरक पाऊण मीटरचाही नाही, पण पुस्तकातलं वाक्य कोणत्या अटीवर खरं आहे हे त्यातून कळतं: गोळा सुटतो त्याच पातळीवर पडला पाहिजे. नंतर हवेचा रोध चालू करा, तो कोन आणखी खाली येईल. क्रिकेट बघत असेल तर होळकर स्टेडियमवरची मॅच आठवायला सांगा. सीमारेषेवरचा फील्डर ४५ अंशात चेंडू फेकतो का? तो बराच कमी कोनात, सपाट फेकतो. उंची आणि हवा तर आहेच, शिवाय त्याला अंतराबरोबर वेळही वाचवायचा असतो.

आणि पियानोबद्दल म्हणाल तर खुशाल उडवू द्या. हवा नसेल तर पियानो आणि गोल्फचा चेंडू एकाच जागी का पडतात, एवढं मात्र तिने तुम्हाला समजावून सांगितलं पाहिजे. अर्ध्या तासानंतर वही कोरी असेल तर तो टाइमपास. मग रागवा.

बाई, मी अकरावीत आहे. प्रॅक्टिकलच्या फाइलसाठी सिम्युलेशनवर पेंडुलमची रीडिंग्ज घेतली. लांबी १ मीटर, कोन ६० अंश ठेवला तर आवर्तकाल (एकदा जाऊन परत येण्याचा वेळ) २.१५ सेकंद आला. सूत्राने २.०१ यायला हवा. वजन बदलून पाहिले, काही फरक नाही. सिम्युलेशन चुकतेय का? सर म्हणाले, फॉर्म्युल्याचे उत्तर लिही आणि मोकळा हो.
— एक विद्यार्थी, महू

मोकळा होऊ नकोस. तुला जे दिसलं ते बरोबर आहे.

पेंडुलमला मधोमध ओढणारं बल कोनाच्या साइनच्या प्रमाणात असतं. आपल्या पुस्तकातलं सूत्र काढताना साइनच्या जागी सरळ कोनच धरतात, म्हणजे रेडियनमधला कोन. १० अंशाला हे खपतं: कोन ०.१७४५, साइन ०.१७३६, फरक अर्ध्या टक्क्याचा. ६० अंशाला कोन १.०४७ आणि साइन ०.८६६. सूत्र जेवढी ओढ गृहीत धरतं त्यापेक्षा खरी ओढ १७ टक्क्यांनी कमी. ओढ कमी म्हणजे परत यायला वेळ जास्त. गोळा पुढे मधल्या लहान कोनांतूनही जातो, तिथे ही तूट नसते, म्हणून एकूण आवर्तकाल १७ नव्हे, ७ टक्क्यांच्या आसपास वाढतो. तुझे २.१५ तिथून आले.

कोन बदलत जा आणि स्वतः आलेख काढ. १० अंशाला २.०१ येईल, ३० ला २.०४, ९० ला २.३७. बघ, ३० अंशापर्यंत फरक दोन टक्क्यांच्याही आत आहे. म्हणून तर प्रॅक्टिकलच्या पुस्तकात 'कोन लहान ठेवा' अशी सूचना असते, जी कोणी वाचत नाही. झोका लहान असो की मोठा, वेळ सारखाच लागतो, असं गॅलिलिओलाही वाटत होतं. लंबकाचं घड्याळ बनवणाऱ्या हायगेन्सने सतराव्या शतकात दाखवलं की वर्तुळाच्या कमानीत डोलणाऱ्या लंबकाला हे तंतोतंत लागू नाही. त्यासाठी गोळ्याला चक्रज नावाच्या वेगळ्या वक्रावरून न्यावं लागतं. तू त्याच जागी येऊन अडखळलास, तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस.

आता हेच दोऱ्याने कर. सियागंजात हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात लोखंडी नट मिळतो, चांगला जड घे. मजबूत, न ताणला जाणारा दोरा घे आणि दाराच्या चौकटीत खिळा मारून बांध. (आईला विचारून.) लांबी खिळ्यापासून नटच्या मध्यापर्यंत मोजायची, गाठीपर्यंत नाही. यात हमखास एखाददुसरा सेंटिमीटर चुकतो. वेळ एका झोक्याचा मोजू नकोस. डोळ्याने पाहून बोटाने बटण दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो, आणि तुला शोधायचा फरकच तेवढा आहे. दहा झोके मोज, जाऊन परत आला की एक झोका. सुटताना 'शून्य' म्हणायचं, 'एक' नाही. लहान कोनाला २०.१ सेकंद मिळायला हवेत. ६० अंशाला सूत्राबाहेरचा हिशेब २१.५ म्हणेल, पण तुला थोडे कमी मिळतील. का? हवा आणि दोरा झोका खात जातात, दहाव्या झोक्याला कोन ६० राहिलेलाच नसतो. परत पडद्याशी जा, तिथे घर्षणाची पट्टी आहे, ती जराशी सरकव आणि तुझ्या दाराच्या चौकटीशी जुळतंय का बघ. दोन्हीकडे असं ये-जा केलंस की सगळं कळतं. नुसत्या एकाने अर्धवट राहतं.

त्याच सिम्युलेशनमध्ये चंद्र आणि गुरू आहेत, आणि एक 'प्लॅनेट एक्स' आहे, ज्याचं गुरुत्व सांगितलेलं नाही. ते काढ. चंद्रावर १ मीटरच्या लंबकाला जवळजवळ ५ सेकंद लागतात, हे आधी पडताळून घे म्हणजे तुझ्या पद्धतीवर विश्वास बसेल. फार चिकित्सक असशील तर हेही सांगून ठेवते, की पडद्यावरची पृथ्वी ९.८१ धरते आणि आपल्या माळव्यात गुरुत्वत्वरण ९.७९ च्या आसपास आहे, कारण आपण विषुववृत्ताच्या जवळ आणि पठारावर. तुझ्या स्टॉपवॉचला हा फरक पकडता येणार नाही, त्यामुळे वेळ चुकल्याचं खापर त्यावर फोडू नकोस.

राहिली फाइल. सिम्युलेशनची रीडिंग्ज 'सिम्युलेशन' असं शीर्षक देऊन वेगळ्या पानावर लिही, दोऱ्याची वेगळ्या. पडद्यावरचे आकडे हाताने मोजले म्हणून खपवायचे नाहीत.

मा. बाई, आम्ही होळकर कॉलेजात व्हर्नियर आणि स्क्रूगेज ही बारीक मापे घेण्याची साधने हातात धरून फिजिक्स शिकलो. पडद्यावरची चित्रे सरकवून कोणी शास्त्रज्ञ होतो काय?
— एक निवृत्त इंजिनिअर, रामबाग, इंदूर

काका, व्हर्नियरपुरतं तुमचं म्हणणं मान्य. स्क्रूगेज उलट फिरवल्यावर आट्यांतली ढिलाई बोटाला जाणवते, ती माऊसला जाणवत नाही. डोळा तिरका ठेवून वाचलं तर आकडा बदलतो, हेही पडद्यावर कळत नाही. पण आपल्याच शहरात राजा रामण्णा संशोधन केंद्रात 'इंडस-२' नावाचं यंत्र आहे. १७२ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने फिरतात. असं यंत्र उभं करायचं तर इलेक्ट्रॉन कोणत्या चुंबकातून कसा वळेल हे आधी कॉम्प्युटरवरच काढतात. टनभर वजनाचे चुंबक मांडून 'बघू या, जमतंय का' असं करता येत नाही. शास्त्रज्ञ पडदाही वापरतात आणि पानाही.

बाई, मी देवासजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. प्रयोगशाळा नावालाच आहे, कपाटाची किल्ली सापडत नाही. एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर, नेट कधी असते कधी नसते. वर्गात पन्नास मुले. अशात सिम्युलेशन दाखवून उपयोग होतो का, की मुलांना सिनेमा दाखवल्यासारखे होईल?
— एक शिक्षक, देवास

तुम्हीच सरकवलंत आणि तुम्हीच बोललात तर सिनेमाच होईल. पण एक लॅपटॉप पुरतो, उलट या कामाला तोच बरा.

आधी नेटचा बंदोबस्त करा. जिथे नेट चांगलं असेल तिथून सिम्युलेशनची फाइल उतरवून पेनड्राइव्हवर घ्या. ती ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. जुनी फ्लॅशवरची काही सापडली तर त्यांच्या मागे लागू नका. फ्लॅश २०२० अखेर बंद झालं. प्रयोग पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने हवे असतील तर अमृता विद्यापीठ आणि सी-डॅकने मिळून केलेलं 'ओलॅब्ज' बघा, नववी ते बारावीसाठी आहे.

पहिला तास विजेच्या मंडलाचा घ्या. सर्किट जोडायचं जे सिम्युलेशन आहे त्यात एक बॅटरी, दोन बल्ब, एकामागे एक. अजून स्विच लावू नका. मुलांना विचारा: बॅटरीजवळचा बल्ब जास्त उजळेल, लांबचा जास्त, की दोन्ही सारखे? हात वर करायला सांगा, फळ्यावर तीन रकान्यांत मतं लिहा. 'जवळचा' या रकान्यात भरपूर हात दिसतील. करंट पहिल्या बल्बमध्ये थोडा 'खर्च' होतो आणि उरलेला पुढे जातो, हे मुलांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं की कितीही वेळा सांगा, हलत नाही. शेजारच्याशी वाद घालायला दोन मिनिटं द्या. गोंगाट होऊ द्या. मुख्याध्यापक डोकावले तर प्रयोग चाललाय म्हणून सांगा.

मग स्विच लावा. दोन्ही सारखे उजळतात. करंट मोजणारा ॲमीटर आधी, मध्ये आणि शेवटी लावून दाखवा. ९ व्होल्टची बॅटरी आणि १० ओहमचे दोन बल्ब असतील तर तिन्ही ठिकाणी ०.४५ ॲम्पिअर. तारेत इलेक्ट्रॉनचे ठिपके दिसतात, ते कुठेही विरळ होत नाहीत, कुठेही मंदावत नाहीत. खऱ्या तारेत हे कोणालाच दिसलं नसतं. कोलोरॅडोत याची तपासणी झाली आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापून आला. ज्या विद्यार्थ्यांनी फक्त पडद्यावर सर्किट जोडली होती, ते नंतर खऱ्या तारा आणि बल्ब हातात आल्यावरही, खऱ्या सामानावर शिकलेल्यांपेक्षा सरस ठरले. सर्किटपुरतं मला हे पटतं. सैल तार आणि गंजलेला सेल यांच्याशी झटापट करण्यात निम्मा तास जातो आणि कल्पना बाजूलाच राहते. स्क्रूगेजबद्दल मात्र असं कोणी सांगितलं तर मी मान्य करणार नाही. वरचे रामबागचे काका माझ्या बाजूने उभे राहतील.

आता दुसरा तास, आणि हा चुकवू नका. मुलांना विचारा, या पडद्यावर खोटं काय आहे? ठिपके तुरुतुरु पळताना दिसतात, पण साध्या तारेतले इलेक्ट्रॉन पुढे सरकतात ते सेकंदाला मिलिमीटरहूनही कमी. बटण दाबताच दिवा लागतो, कारण सगळ्या तारेतले इलेक्ट्रॉन जवळजवळ एकाच वेळी हलू लागतात. बॅटरीतून निघालेला इलेक्ट्रॉन दिव्यापर्यंत पोचण्याची वाट पाहावी लागत नाही. दुसरं म्हणजे पडद्यावरच्या साध्या बल्बचा रेझिस्टन्स ठरलेला असतो, खऱ्याचा नसतो. घरात जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब पडला असेल तर होल्डरमधून काढून, सुटा, मल्टिमीटरने मोजा. २३० व्होल्टवर जळताना त्याचा रेझिस्टन्स हिशेबाने ५२९ ओहम असायला हवा. मीटरवर थंड बल्ब चाळीसच्या आसपास दाखवेल. मुलं आधी म्हणतील, मीटर बिघडलाय. तार तापली की रेझिस्टन्स वाढतो, हे त्यांच्याच तोंडून येईपर्यंत थांबा.

त्यानंतर टॉर्चचे बल्ब आणि सेल. इंदूरला आलात की महारानी रोडवरून आणा, फार पैसे लागत नाहीत. एकाच डब्यातले दोन बल्ब एकामागे एक जोडले तरी बरेचदा एक जरा जास्त उजळतो. पोरं लगेच ओरडतील, 'सर, पहलेवाला ज्यादा जल रहा है!' बल्बांची अदलाबदल करायला सांगा. उजेड जागेबरोबर राहतो की बल्बबरोबर जातो? बल्बबरोबर गेला म्हणजे दोष त्या बल्बचा, करंट कुठे खर्च झालेला नाही.

आणि किल्ली सापडत नसेल तर कुलूप तोडा. आतलं सामान मुलांसाठीच घेतलेलं असतं.

बाई, बारावीत आहे. फोटोइलेक्ट्रिकच्या (प्रकाशाने धातूतून इलेक्ट्रॉन सुटण्याच्या) सिम्युलेशनमध्ये लाल प्रकाशाची तीव्रता पूर्ण वाढवली तरी सोडियममधून एकही इलेक्ट्रॉन सुटला नाही. जास्त प्रकाश म्हणजे जास्त ऊर्जा ना? आणि सुटले तेव्हा काही वेगाने गेले, काही रेंगाळत. एकाच रंगाचा प्रकाश असून असे का?
— एक विद्यार्थिनी, सुदामा नगर, इंदूर

जास्त प्रकाश म्हणजे जास्त फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण. एकेका फोटॉनची ऊर्जा रंगावर ठरते, आणि एका इलेक्ट्रॉनला एकाच फोटॉनकडून काय ते मिळतं. सोडियममधून बाहेर पडायला सुमारे २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. लाल फोटॉनजवळ तेवढी नसते, मग असे कितीही आले तरी एकाचंही काम होत नाही. तरंगलांबी कमी करत ये. हिरव्यात, ५४० नॅनोमीटरच्या आसपास, पहिला इलेक्ट्रॉन सुटेल. ४०० ला फोटॉनजवळ ३.१ असतात, २.३ बाहेर पडण्यात गेले, ०.८ उरले. ते अडवायला उलट्या दिशेने किती व्होल्ट लावावे लागतील ते आता तू लिही, मग पट्टी सरकवून बघ. याच स्पष्टीकरणासाठी आइन्स्टाइनला १९२१ सालचं नोबेल मिळालं, सापेक्षतेसाठी नव्हे.

दुसरा प्रश्न फार कमी मुलं विचारतात. २.३ ही कमीत कमी किंमत आहे. धातूत जरा खोल ऊर्जेवर बसलेल्या इलेक्ट्रॉनला बाहेर यायला जास्त मोजावी लागते, म्हणून त्याच्याकडे वेग कमी उरतो. फक्त सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉन दाखवायची सोय तिथे आहे. आधी ती चालू करून ०.८ चा हिशेब जुळव, मग बंद करून सगळे बघ. परीक्षेत 'कमाल गतिज ऊर्जा' या शब्दांतला 'कमाल' का असतो ते तिथे दिसेल.

आमच्या भागातल्या एका क्लासने 'इंटरॲक्टिव्ह फिजिक्स पॅकेज' म्हणून वर्षाचे भरपूर पैसे सांगितले आहेत. घ्यावे का?
— एक पालक, भंवरकुआं, इंदूर

नका घेऊ. वर सांगितलेलं सगळं फुकट आहे. पैसे खर्चायचेच असतील तर साधा मल्टिमीटर घ्या, आणि मुलाच्या फोनवर 'फायफॉक्स' टाकून द्या. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं हे ॲप आहे, तेही फुकट. फोनमध्ये त्वरण, आवाज, चुंबकत्व मोजणारे जे सेन्सर असतात त्यांची रीडिंग्ज ते थेट आलेखात दाखवतं. पहिला प्रयोग लिफ्टमध्ये करायला सांगा: फोन तळहातावर सपाट धरायचा, आणि वर जायला सुरुवात होताना व थांबताना आकडा ९.८ च्या वर जाईल की खाली, हे लिफ्टचं दार लागण्याआधी कागदावर लिहायचं.